बेळगावची चिठ्ठी आणि इंग्लंडमधला डॉक्टर

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतून परदेशी गेलेल्या माणसांच्या बॅगेत काय काय भरले जाते, हे मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. कुंदा, मेतकूट, जवसाची चटणी, सांडगी मिरची, पापड आणि माणसाने चाळिशी ओलांडली असेल तर सहा महिने पुरतील इतक्या रक्तदाबाच्या गोळ्या. त्या संपत आल्या की गावाकडून कोणी येणार आहे का, याची चौकशी सुरू होते. मग येणाऱ्याच्या हाती मेडिकलमधून तीच पट्टी पुन्हा पाठवली जाते आणि असे वर्षानुवर्षे चालू राहते. या मधल्या काळात त्या माणसाचा रक्तदाब कोणी मोजलेला नसतो, मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे तपासलेले नसते आणि गोळीचे प्रमाण त्याला अजून पुरते की नाही, हा प्रश्न कोणालाच पडलेला नसतो. घरच्यांना मात्र गोळ्या पोहोचल्याचे समाधान असते. मी इंग्लंडमधील नोकरीची वर्षे संपवून बेळगावच्या शहापूरला परत आल्यापासून गल्लीतले, नात्यातले लोक मुलांच्या परदेशी जाण्याविषयी विचारायला येतात, तेव्हा व्हिसा आणि घरभाडे यांच्याआधी मी डॉक्टरचा विषय काढतो. गोळ्या मिळत राहणे म्हणजे उपचार चालू असणे नव्हे. माणूस जिथे राहतो, तिथेच त्याला नियमित पाहणारा डॉक्टर असला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

आपल्या भागात फॅमिली डॉक्टर या माणसावर आपण किती विसंबून असतो, हे दूर गेल्याशिवाय ध्यानात येत नाही. माझ्या आधी माझ्या वडिलांना तपासलेले, एका रुग्णाशी मराठीत आणि त्याच्या पाठच्या रुग्णाशी कानडीत तितक्याच सहजतेने बोलणारे आमचे डॉक्टर नाडी हातात घेतानाच अर्धी चौकशी पूर्ण करीत असत. घरात मधुमेह कोणाला आहे, आजोबांना अर्धांगवायू कोणत्या वयात झाला, कोणत्या गोळीने मला अंगावर पुरळ उठले होते, हे सारे त्यांच्या डोक्यात होते. चिठ्ठीवर त्यातले काहीही नसायचे. तिथे फक्त गोळीचे नाव आणि ‘सकाळी एक’ एवढेच लिहिलेले असे. ही चिठ्ठी घेऊन माणूस विमानात बसतो, तेव्हा आपली खरी माहिती तो बेळगावातच ठेवून जात असतो.

म्हणून निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून एक पान लिहून घ्यावे, असे मी सगळ्यांना सांगतो. रक्तदाब प्रथम कधी आढळला, तेव्हाचे आकडे काय होते, आतापर्यंत कोणती औषधे दिली, कोणते सोसले नाही, मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन शेवटच्या तपासणीत किती होते, तसेच पोटॅशियम, साखर आणि कोलेस्टेरॉल किती होते, ईसीजी काढला असल्यास त्यात काय आढळले, एवढे त्यात पुरे. औषधाचे नाव मात्र त्यातील मूळ घटकानुसार लिहिलेले असावे. आपल्याकडे रुग्ण ‘मी टेल्मा घेतो’ असे म्हणतो आणि समोरच्याला ते कळतेही, परंतु इंग्लंडमधल्या डॉक्टरच्या संगणकात हे नाव सापडत नाही. टेल्मा-एएम या गोळीत टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम आणि अम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम अशी दोन औषधे असतात, हे लिहिलेले असेल तर जगातला कोणताही डॉक्टर ते एका नजरेत समजून घेतो. घरातल्या माणसांच्या आजारांची नोंदही त्याच पानावर असावी. आईवडील किंवा भावंडांपैकी कोणाला साठीच्या आत हृदयविकाराचा झटका आला होता का, हा प्रश्न इंग्लंडमध्ये पुढील दहा वर्षांतला धोका मोजताना ठरलेला असतो. त्याच गणितात दक्षिण आशियाई वंशाचाही वेगळा विचार केला जातो, कारण आपल्या लोकांत मधुमेह आणि हृदयविकार लवकर आणि अधिक प्रमाणात आढळतात.

डॉक्टर शोधण्याची रीत प्रत्येक देशात वेगळी असते. जर्मनीत विम्याचे कार्ड घेऊन जवळचा हाउसआर्त्स्ट, म्हणजे तिथला फॅमिली डॉक्टर, आपणच शोधायचा असतो. अमेरिकेत आपल्या विमा कंपनीच्या यादीत तो डॉक्टर आहे की नाही, हे आधी पाहिले नाही तर बिल हाती आल्यावर घाम फुटतो. दुबईत विमा सक्तीचा आहे आणि तो मालकामार्फत मिळतो, पण जुन्या आजारासाठी त्यात काय मर्यादा आहेत, हे पहिल्याच आठवड्यात वाचून घ्यायला हवे. मी राहिलो इंग्लंडमध्ये, त्यामुळे तिथल्याविषयी सविस्तर सांगू शकतो.

इंग्लंडला कामाच्या व्हिसावर जाणाऱ्या बहुतेकांकडून आरोग्यसेवेचा अधिभार अर्जाबरोबरच घेतला जातो. फेब्रुवारी २०२४ पासून प्रौढ माणसासाठी तो वर्षाला १,०३५ पौंड आहे आणि व्हिसा जितक्या वर्षांचा, तितक्या वर्षांची रक्कम एकदम भरावी लागते. इतके पैसे मोजून जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव न नोंदवता गावाकडून गोळ्या मागवणारी माणसे मी पाहिली आहेत आणि त्याचे मला नेहमीच वाईट वाटते. नोंदणीला पैसा लागत नाही. एक फॉर्म भरायचा असतो आणि तो बहुतेक ठिकाणी घरबसल्या भरता येतो. पत्त्याचा पुरावा, ओळखपत्र किंवा व्हिसाची कागदपत्रे नाहीत म्हणून नोंदणी नाकारता येत नाही, असा तिथल्या आरोग्यसेवेचा स्पष्ट नियम आहे. तरीही अनगोळच्या एका ओळखीच्या मुलाला एका सर्जरीतून (जीपीच्या दवाखान्याला तिथे सर्जरी म्हणतात) वीजबिल आणा म्हणून परत पाठवले होते. तो बिचारा भाड्याच्या खोलीत राहत होता, त्याच्या नावावर कसले बिल येणार? नियम छापलेला कागद घेऊन तो दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला आणि त्याचे काम झाले. आपल्या माणसांना सरकारी दारात ‘नाही’ ऐकले की मागे फिरण्याची सवय असते, म्हणून हे मुद्दाम लिहितो आहे.

जीपीची भेट साधारण दहा मिनिटांची असते. इथल्यासारखे ‘बसा, काय म्हणताय, पाऊस काय म्हणतोय तिकडे’ असे होत नाही, आणि त्यात तुटकपणा वाटून घेण्याचे कारण नाही. दहा मिनिटांत काम व्हायचे असेल तर आपली तयारी हवी. मी आमच्या डॉक्टरांनी लिहून दिलेले पान आणि घरी पंधरवडाभर मोजलेल्या रक्तदाबाच्या नोंदींची वही समोर ठेवली. त्या डॉक्टरबाईंनी दोन्ही शांतपणे वाचले, दोन्ही दंडांवर रक्तदाब मोजला आणि ज्या हाताचा आकडा जास्त आला, त्याच हातावर यापुढे मोजत जा, असे सांगितले. दवाखान्यातला आकडा घरच्या आकड्यांपेक्षा बराच जास्त आला होता. औषध वाढवण्याआधी त्यांनी मला चोवीस तास यंत्र बांधून पाठवले.

हे यंत्र म्हणजे दंडावर पट्टा आणि कमरेला एक छोटी डबी. दिवसा दर अर्ध्या तासाला पट्टा आपोआप फुगतो. त्या वेळी हात खाली सोडून स्थिर ठेवायचा, चालत असाल तर थांबायचे आणि बोलत असाल तर गप्प बसायचे. बसमध्ये उभा असताना पट्टा गुरगुरत फुगू लागला, तेव्हा शेजारच्या बाईने काही न विचारता आपली जागा मला दिली. रात्रीही अधूनमधून झोपेत हात आवळला जातो, एक-दोन वेळा जागही येते. दुसऱ्या दिवशी यंत्र परत केले की त्यातून पूर्ण दिवसाचा आलेख निघतो. जागेपणाची सरासरी १३५/८५ च्या खाली असावी, अशी तिथल्या मार्गदर्शक सूचनेत ऐंशीच्या आतील माणसासाठी अपेक्षा आहे, तर दवाखान्यात मोजलेल्या आकड्यासाठी ती मर्यादा १४०/९० आहे. डॉक्टरसमोर बसल्यावर चढणारा आकडा आणि खरा आकडा यांतला फरक या आलेखात सरळ दिसतो, आणि माझ्या बाबतीत त्यामुळे एक गोळी वाढण्याचे टळले.

यंत्र बांधणे प्रत्येक वेळी शक्य नसते, तेव्हा घरी मोजण्याची रीत नीट पाळली तरी पुरते. मनगटाचे यंत्र घेऊ नये, दंडाचे घ्यावे आणि पट्टा दंडाच्या घेरानुसार निवडावा, कारण जाड दंडावर लहान पट्टा बांधला की आकडा खोटा वाढतो. मोजण्याआधी पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून शांत बसावे. चहा, कॉफी किंवा तंबाखू अर्धा तास आधीपासून टाळावी आणि लघवी तुंबलेली नसावी. हात टेबलावर, छातीच्या उंचीला ठेवावा. सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा, दोन मापांत निदान एक मिनिटाचे अंतर ठेवून, शक्यतो सात दिवस मोजावे, पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्यावेत आणि उरलेल्यांची सरासरी काढावी. आपल्याकडे भांडण झाल्यावर किंवा डोके दुखू लागल्यावर यंत्र काढण्याची पद्धत आहे. त्या एका आकड्यावरून ना रुग्णाला काही कळते, ना डॉक्टरला.

औषधे बदलतात, आणि इथेच माणसे बिथरतात. आपल्याकडे एकाच गोळीत दोन-तीन औषधे एकत्र असणे नेहमीचे आहे. इंग्लंडमध्ये ती बहुधा वेगवेगळी दिली जातात आणि टेल्मिसार्टनऐवजी त्याच गटातले लोसार्टन किंवा कॅन्डेसार्टन लिहून दिले जाते. पुष्कळदा रामिप्रिलपासून सुरुवात होते. रामिप्रिलने काहींना कोरडा, न थांबणारा खोकला येतो. तिथल्या थंडीत माणूस त्याला सर्दीचा खोकला समजून महिनेच्या महिने काढे पीत बसतो, पण डॉक्टरला सांगितले की गट बदलून मिळतो. अम्लोडिपिनने घोटे सुजू शकतात, तेही सांगावे. रामिप्रिल किंवा लोसार्टनच्या गटातली गोळी सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांत रक्त तपासून मूत्रपिंड आणि पोटॅशियम पाहिले जाते. बेळगावहून पाठवलेल्या पट्टीमागे ही तपासणी येत नाही, आणि माझा सर्वांत मोठा आक्षेप हाच आहे.

त्याहून गंभीर प्रकार म्हणजे दोन्हीकडच्या गोळ्या एकाच वेळी घेणे. तिथल्या डॉक्टरने रामिप्रिल दिलेले असते आणि ‘आपल्या डॉक्टरची गोळी सोडायला नको’ म्हणून घरून आलेले टेल्मिसार्टनही चालू असते. हे दोन गट एकत्र घेतल्यास रक्तदाब एकदम खाली जाणे, मूत्रपिंडावर ताण येणे आणि रक्तातले पोटॅशियम धोकादायक पातळीला जाणे, असे सारे घडू शकते, म्हणून ते एकत्र देत नाहीत. गोळ्यांचे रंग आणि नावे वेगळी असल्यामुळे घेणाऱ्याला याचा पत्ताही नसतो. घरी जितक्या पट्ट्या आहेत तितक्या पिशवीत घालून तिथल्या फार्मसिस्टसमोर ठेवाव्यात. तो माणूस औषधांचा जाणकार असतो आणि त्याच्याशी बोलायला अपॉइंटमेंट लागत नाही. चाळिशीपुढच्या लोकांचा रक्तदाब इंग्लंडमधल्या अनेक फार्मसींत मोफत मोजूनही मिळतो.

खर्चाचा हिशेबही सांगून ठेवतो. मे २०२४ मध्ये इंग्लंडमध्ये प्रत्येक औषधामागचे शुल्क ९.९० पौंड झाले. एका गोळीच्या दोन गोळ्या झाल्या की हे शुल्क दुप्पट होते आणि तेवढ्यासाठी लोक पुन्हा गावाकडच्या गोळीकडे वळतात. वर्षभराचे शुल्क आगाऊ भरण्याचे एक प्रमाणपत्र मिळते. माझ्या वेळी त्याला ११४.५० पौंड पडत आणि मग वर्षभरात कितीही औषधे घ्या, वेगळे काही द्यावे लागत नसे. महिन्याला दोन औषधे घेणाऱ्याचे त्यात निम्म्याहून अधिक पैसे वाचतात. साठीच्या पुढे हे शुल्क लागत नाही, आणि स्कॉटलंड किंवा वेल्समध्ये तर ते कोणालाच लागत नाही.

घरगुती उपायांविषयी आपली माणसे ऐकून घेत नाहीत, तरी लिहितो. घसा धरला की आपण ज्येष्ठमध चघळतो किंवा काढ्यात घालतो. ज्येष्ठमध रोज पोटात जात राहिले तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम कमी होते. पाठदुखीसाठी घेतलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक आणि नाक मोकळे करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या यांनीही आकडे चढतात. कमी सोडियमचे म्हणून विकले जाणारे मीठ पोटॅशियमयुक्त असते, तेव्हा रामिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन घेणाऱ्याने ते डॉक्टरला विचारल्याशिवाय वापरू नये.

आणि मीठ. आमच्याकडच्या ताटात भाकरीबरोबर चटणी, लोणचे, तळलेली सांडगी मिरची आणि पापड हे चारही एकदम असले तरी कोणाला वावगे वाटत नाही. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे सपाट भरलेला एक लहान चमचा, आणि त्यात सगळे आले. परदेशात गेल्यावर हे घरचे मीठ कमी होत नाही, कारण बॅगेतून ते बरोबर गेलेले असते, आणि त्यावर पाव, चीज, पाकिटातले सूप यांतल्या मिठाची भर पडते. तिथल्या पाकिटांवर मीठ ग्रॅममध्ये छापलेले असते, ही मोठी सोय आहे. शंभर ग्रॅममध्ये दीड ग्रॅमपेक्षा अधिक असेल तर ते जास्त समजतात आणि ०.३ ग्रॅम किंवा त्याहून कमी असेल तर कमी. मी जवसाची चटणी सोडली नाही, ती बिनमिठाची करून मागवू लागलो. लसूण आणि जवस भरपूर असले की मिठाची उणीव फारशी जाणवत नाही, हे मी खात्रीने सांगू शकतो. पापड मात्र सुटला, कारण मिठाखेरीज पापडखारातही सोडियमच असते.

सुटीत गावी येतानाही थोडे लक्ष लागते. थंडीत रक्तदाब वाढतो आणि उन्हाळ्यात उतरतो, त्यामुळे इंग्लंडच्या जानेवारीत ठरलेले औषध बेळगावच्या मे महिन्यात जड पडू शकते, विशेषतः लघवी वाढवणारी गोळी त्यात असेल तर. उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तर गोळी स्वतःहून बंद न करता आकडे लिहून इथल्या डॉक्टरांना दाखवावेत. वेळेतील साडेचार-साडेपाच तासांच्या फरकाची मात्र चिंता करू नये. अम्लोडिपिनसारखी गोळी शरीरात दीर्घकाळ टिकते, ती स्थानिक वेळेनुसार सकाळी घेतली तरी चालते. गोळ्या मूळ पट्टीत, चिठ्ठीसह आणि हातातल्या बॅगेत असाव्यात.

सर्वांत जास्त काळजी मला आईवडिलांची वाटते, जे नातवंड पाहायला सहा महिन्यांसाठी जातात. पाहुणा म्हणून आलेल्यांनाही इंग्लंडमध्ये जीपीकडे तात्पुरती नोंदणी करता येते आणि त्या तपासणीचे पैसे घेतले जात नाहीत. अपघात विभागातली तातडीची तपासणीही मोफत असते. रुग्णालयात दाखल व्हावे लागले मात्र पाहुण्यांना ठरलेल्या दराच्या दीडपट बिल येते, आणि ते हजारो पौंडांत जाऊ शकते. म्हणून प्रवासाचा विमा घेताना रक्तदाब आणि मधुमेह स्पष्टपणे सांगावेत. हप्ता वाढेल म्हणून लपवले, तर नेमक्या वेळी विमा कंपनी हात वर करते. आकडा १८०/१२० किंवा त्याहून वर गेला आणि बरोबर छातीत दुखणे, दम लागणे, बोलणे अडखळणे, एका बाजूची शक्ती जाणे किंवा दिसेनासे होणे यांपैकी काही असेल, तर वाट न पाहता ९९९ या तातडीच्या क्रमांकावर फोन करावा. बिलाचा विचार त्या क्षणी करू नये. काही त्रास नसताना आकडा इतका दिसला तर शांत बसून पुन्हा मोजावे आणि त्याच दिवशी १११ या आरोग्यसल्ल्याच्या क्रमांकावर किंवा जीपीला विचारावे.

दुभाषी मोफत मिळतो, हे अनेकांना माहीत नसते. अपॉइंटमेंट घेतानाच ‘मराठी बोलणारा दुभाषी हवा’ असे सांगून ठेवावे, नाहीतर भारतीय म्हटल्यावर हिंदी दुभाषी ठरवला जाण्याची शक्यता असते. वडगावच्या एखाद्या आजींना मराठी आणि कानडी दोन्ही अस्खलित येत असते, पण छातीत धडधडते की दाटून येते, हे हिंदीत सांगताना त्या ‘ठीक है’ म्हणून मोकळ्या होतात. मुलाने किंवा सुनेने मध्ये बसून बोलावे, हेही नेहमी योग्य नसते. सासूबाई सुनेसमोर गोळी चुकवल्याचे सांगत नाहीत आणि डॉक्टरला तर तेच पहिल्यांदा कळायला हवे असते.